लोकशाही की कम्युनिझम – दुष्काळात कोण कसं वागलं तिथून सुरुवात करूया

कोरडवाहू

निवडणुकीच्या धाग्यावर हा वाद सुरू झाला होता, तिथे अवांतर होत होतं म्हणून वेगळा धागा काढतोय. एक विनंती आहे, व्याख्या नकोत. लोकांचे लोकांनी लोकांसाठी चालवलेले राज्य हे सगळ्यांना पाठ आहे आणि प्रत्येकाकडून कुवतीप्रमाणे, प्रत्येकाला गरजेप्रमाणे हेही. दोन्ही वाक्यं चांगलीच आहेत, त्यावरून निकाल लागायचा नाही. लोक उपाशी मरायला लागले की ती व्यवस्था काय करते ते बघायचं. मी बीडकडचा, आमच्याकडे राज्यकर्त्याला दुष्काळावरूनच जोखतात.

तर चीन, १९५८. माओने मोठ्या झेपेची (ग्रेट लीप फॉरवर्ड), म्हणजे शेती आणि उद्योग एकदम वाढवायच्या मोहिमेची घोषणा केली. जमिनी आधीच सामुदायिक झाल्या होत्या, आता हजारो कुटुंबांची मिळून एकेक कम्यून केली, घरातल्या चुली बंद, सगळ्यांनी सामुदायिक भोजनालयात जेवायचं. पोलाद वाढवायचं म्हणून गावोगाव भट्ट्या पेटवल्या, त्यात कढया-खुरपीसुद्धा वितळवली, ऐन कापणीच्या वेळी माणसं भट्टीवर. चिमण्या धान्य खातात म्हणून चिमण्या मारायची देशभर मोहीम काढली. हे सगळं वाईट होतंच, पण माझ्या मते खरा घात आकड्यांनी केला. खालच्या अधिकाऱ्याने वर कळवायचं की आमच्याकडे इतकं पिकलं, शेजारच्या कम्यूनने त्याहून जास्त सांगायचं. एकरी शेकडो क्विंटल भात पिकला असे दावे पेपरात छापून आले, दाट पिकावर पोरं उभी आहेत असे फोटो आले. शेती केलेल्या कुणालाही विचारा, हे होऊ शकतं का? पण 'नाही' म्हणणारा उजवा ठरायचा, क्रांतीचा शत्रू ठरायचा. मग सरकारने त्या कागदावरच्या पिकाच्या हिशोबाने धान्य उचललं. गावात खायला राहिलं नाही, आणि १९५९ मध्ये चीन लाखो टन धान्य बाहेर देशी निर्यात करत होता.

पंग दहुआय हे संरक्षणमंत्री, कोरियाच्या युद्धातले सेनापती. त्यांनी आपल्या मूळ गावाकडे जाऊन डोळ्यांनी बघितलं आणि जुलै १९५९ ला लुशानच्या बैठकीत माओला पत्र लिहिलं, तेही खासगी, तेही अदबीने. माओने ते पत्र छापून सगळ्यांना वाटलं आणि त्या माणसाला पदावरून काढलं. त्यानंतर कोण बोलणार? १९६१ पर्यंत माणसं मरत राहिली. अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटीपर्यंत जातात, बरेच अभ्यासक तीन कोटींच्या आसपास धरतात.

आता १९७२ चा आपला दुष्काळ. लागोपाठ तीन वर्षं पाऊस नाही, विहिरी कोरड्या, जनावरं बाजारात मातीमोल. माझी आई खडी फोडायला जायची, लाल मिलोच्या (बाहेरून आणलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, हे आमच्याकडे अजून निघतं बोलण्यात. मे १९७३ मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. ५० लाख! सरकार काही फार दयाळू होतं अशातला भाग नाही. पण विधानसभेत रोज प्रश्न येत होते, तहसीलवर मोर्चे जात होते, पेपरात तगाई, टँकर, कामांची मागणी रोज छापून येत होती, मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर बायकांना घेऊन लाटणी हातात धरून रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यातून पुढे १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला. वि. स. पागे यांची कल्पना. आज तुमच्या पगारातून महिन्याला दोनशे रुपये व्यवसाय कर जातो ना, तो मुळात त्याच्यासाठी लावलेला.

हाल झाले, कुणी नाकारत नाही. पण चीनमध्ये झालं तसं गावंच्या गावं मरून पडली नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की वाईट बातमी वर पोचवणाऱ्याचं काय होतं आणि वरच्या माणसाला घरी पाठवता येतं का, या दोन प्रश्नांवर दोन व्यवस्थांची तुलना करावी. बाकीच्या गोष्टी नंतर.

गिरणगावकर

कोरडवाहू, पोस्ट मनापासून लिहिलीय आणि चीनबद्दलचं नाकारण्यासारखं काही नाही. पण तुम्ही अमर्त्य सेन यांचा अर्धाच मुद्दा मांडलाय. मुक्त वृत्तपत्रं आणि निवडणुका असलेल्या देशात मोठा दुष्काळबळीचा प्रसंग येत नाही हे सेन यांनी म्हटलं, बरोबर. त्याच सेन यांनी ज्याँ द्रेझ यांच्याबरोबर दुसराही हिशोब मांडला होता, की भारतात आणि चीनमध्ये रोजच्या मृत्युदरात जो फरक होता तो इतका होता की दर आठेक वर्षांत आपण जास्तीची तेवढीच माणसं गमावत होतो जेवढी चीनने त्या दुष्काळात गमावली. फक्त ती एकदम मेली नाहीत, हळूहळू मेली, अतिसाराने, बाळंतपणात, कुपोषणाने. त्यामुळे बातमी झाली नाही. १९८० च्या सुमारास चीनमधलं सरासरी आयुष्य पासष्टच्या वर होतं आणि आपलं चोपन्नच्या आसपास. मेळघाटातली पोरं नव्वदच्या दशकात मरत होती तेव्हा पेपरही होते, विधानसभाही होती, निवडणुकाही वेळेवर झाल्या.

म्हणजे तुमची कसोटी फक्त मोठ्या आवाजात होणाऱ्या मरणाला लागू पडते. चुपचाप मरणाऱ्याचं काय?

आणि दुसरं. आपल्याकडे कम्युनिस्ट म्हटलं की माओ-स्टालिन आठवतात, इथले आठवत नाहीत. माझे आजोबा गिरणीत होते, १९२८ चा मोठा संप झाला तेव्हा ते पोरगेले होते, लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनची वर्गणी भरायचे. तिकडे तलासरी-डहाणूला १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर वारल्यांमध्ये जाऊन बसले. लग्नासाठी सावकाराकडून शेपन्नास रुपये काढले म्हणून नवराबायको दोघं आयुष्यभर त्याच्याकडे फुकट राबायचे, लग्नगडी म्हणायचे त्यांना. ते कुणी मोडलं? मतपेटीने नाही मोडलं. ते संघटना करून, गोळ्या खाऊन मोडलं. तेव्हा ज्याला दोन वेळचं जेवण नाही आणि ज्याची जमीन नाही त्याला मत देण्याचा हक्क म्हणजे नेमकं काय मिळतं, हा प्रश्न कम्युनिस्टांनी विचारला आणि तो आजही शिल्लक आहे.

पारिजात_७

दोघांचंही पटतंय पण एक गल्लत होतेय असं वाटतं. लोकशाही म्हणजे सत्ता कुणाच्या हातात कशी जाते आणि कशी काढून घेता येते त्याची सोय. कम्युनिझम म्हणजे जमीन, कारखाने कुणाच्या मालकीचे असावेत याचं उत्तर. मग दोन्ही एकत्र का नसावं? केरळात १९५७ ला कम्युनिस्ट निवडणुकीनेच आले की. प्रश्न असा आहे की जिथे जिथे कम्युनिस्टांनी पूर्ण सत्ता घेतली तिथे निवडणूक पहिली का गेली. रशियात नोव्हेंबर १९१७ ला संविधान सभेची निवडणूक झाली, बोल्शेविकांना चतुर्थांशाच्या आसपास मतं, शेतकऱ्यांचा समाजवादी क्रांतिकारी पक्ष पुढे. जानेवारी १९१८ ला सभा भरली आणि एका बैठकीनंतर बंदच करून टाकली. रोझा लक्झेंबर्ग स्वतः मार्क्सवादी, तुरुंगात बसून त्यांनी तेव्हाच लिहिलं होतं की वेगळा विचार करणाऱ्याला स्वातंत्र्य नसेल तर ते स्वातंत्र्यच नव्हे. हे उजव्यांचं म्हणणं नाहीये, घरातलंच आहे.

कोरडवाहू

गिरणगावकर, चुपचाप मरणाऱ्यांचा मुद्दा शंभर टक्के खरा. लोकशाही आपोआप पोट भरत नाही. पण मग चीनने दवाखाने आणि शाळा केल्या त्या हुकूमशाहीमुळे केल्या का? श्रीलंकेने निवडणुका घेतच ते केलं, केरळाने केलं, कोस्टारिकाने केलं. म्हणजे ते करायला माणसाचं तोंड बंद करायची गरज नव्हती. आणि ज्याने केलं त्यानेच १९५९ ला काय केलं तेही बघा, जो राजा आज दवाखाना देतो तो उद्या धान्य उचलून नेतो आणि दोन्ही वेळा तुम्हाला विचारत नाही.

परुळेकरांबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. पण एक लक्षात घ्या, त्यांना जे करता आलं ते विरोधात असताना. सभा घेणं, संप करणं, पत्रक छापणं. हेच चीनमध्ये १९५९ साली एखाद्या कार्यकर्त्याने कम्यूनच्या विरोधात केलं असतं तर?

लाइपझिगहून_अनु

मी इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, या धाग्यावर लिहावंसं वाटलं कारण मी राहते ते शहर पूर्वी पूर्व जर्मनीत होतं. आमच्या घरमालकीणबाई ७० च्या पुढच्या, सूतगिरणीत कामाला होत्या. त्यांच्याशी बोलताना मला कायम जाणवतं की आपण बाहेरून जितकं सोपं समजतो तितकं ते नव्हतं.

त्या सांगतात की घरभाडं अगदी किरकोळ, पाळणाघर जवळजवळ फुकट, मूल झालं म्हणून कुणाची नोकरी गेली नाही. दहातल्या नऊ बायका कामावर जायच्या आणि हे आकडे खरे आहेत. पश्चिमेकडच्या त्यांच्या बहिणीला त्याच काळात मूल झाल्यावर घरी बसावं लागलं. मग मी विचारलं, निवडणूक असायची का? म्हणाल्या असायची ना, एकच यादी असायची, कागद घ्यायचा, घडी घालायची, पेटीत टाकायचा. आडोशाला जाऊन खुणा करायला गेलात तर कोण गेलं ते लिहून घेणारा माणूस बसलेला असायचा. मे १९८९ च्या स्थानिक निवडणुकीत सरकारने जाहीर केलं की जवळपास ९९ टक्के मतं आमच्या यादीला. त्या वेळी काही ठिकाणी साधे नागरिक मोजणीच्या वेळी जाऊन उभे राहिले होते, कायद्याने ते चालत होतं, आणि त्यांनी मोजलेली विरोधी मतं जाहीर आकड्यापेक्षा कितीतरी जास्त निघाली. लोक चिडले ते तिथून. ऑक्टोबरची ९ तारीख, इथल्या निकोलाय चर्चमधून दर सोमवारी निघायचा तो मोर्चा, त्या दिवशी ७० हजार लोक. पोलीस, निमलष्करी तुकड्या तयार होत्या, दवाखान्यांत रक्ताच्या बाटल्या आणून ठेवल्यात अशी बोलवा होती, पेकिंगमध्ये जूनमध्ये निदर्शकांवर गोळीबार झाला होता तो सगळ्यांनी टीव्हीवर बघितलेला. आणि तरी गेले. गोळी चालली नाही. बरोब्बर एका महिन्याने बर्लिनची भिंत उघडली.

नंतर १९९२ पासून गुप्त पोलिसांच्या फायली लोकांना बघायला मिळाल्या, ओळीने लावल्या तर शंभर किलोमीटरच्या वर भरतात. बाईंनी आपली फाईल बघितली नाही. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, कुणी लिहून दिलं असेल ते कळलं तर मी त्या माणसाशी बोलू शकणार नाही आणि या वयात मला माणसं कमी करायची नाहीत.

पण दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. एकीकरणानंतर त्यांची गिरणी दोन वर्षांत बंद. सगळे सरकारी कारखाने एका संस्थेकडे दिले, तिने विकले नाहीतर बंद केले, लाखो लोक एका झटक्यात बेकार. त्यावर मत द्यायची संधी कुणाला मिळाली नाही. बाईंचं म्हणणं असं की आधी पक्ष ठरवायचा, मग पश्चिमेकडचे मॅनेजर ठरवायला लागले, फरक हा की आता मी त्यांना रस्त्यावर उभी राहून शिव्या देऊ शकते. हा फरक त्यांना फार मोठा वाटतो, पण नोकरी गेलेली विसरायला तो पुरेसा वाटत नाही.

सह्यकडा

अनुताई खूप छान लिहिलंत, अजून लिहा.

माझा प्रश्न जरा वेगळा. मी स्पर्धा परीक्षा करतोय, आमच्या ग्रुपमध्ये निम्मी पोरं म्हणतात की चीनने चाळीस वर्षांत ८० कोटी लोक दारिद्र्यातून वर काढले, रस्ते रेल्वे बघा, आपण भूसंपादनाच्या केसेस लढत बसतो. मग एक पक्ष, एक निर्णय हेच बरं नाही का? मला मनातून पटत नाही पण उत्तर देता येत नाही. लोकशाहीत निर्णयाला उशीर होतो हे खरंच आहे ना?

पारिजात_७

@सह्यकडा, उशीर होतो, खरंय. पण ते ८० कोटी कसे वर आले ते बघ. १९७८ च्या हिवाळ्यात आन्हुई प्रांतात श्यावगांग नावाच्या गावात १८ शेतकरी रात्री जमले. हा तोच भाग जिथे मोठ्या झेपेत माणसं फार मेली होती. त्यांनी चोरून कागद केला की कम्यूनची जमीन आपण घरटी वाटून घेऊ, सरकारचा वाटा भरू, वरचं पिकेल ते ज्याचं त्याचं. आणि त्यात लिहिलं की आपल्यातला कुणी तुरुंगात गेला तर त्याची मुलं १८ वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची. अंगठे उमटवले. पुढच्या वर्षी धान्य कैक पटीने वाढलं. तेव्हा माओ जाऊन दोन वर्षं झाली होती, आन्हुईचे पक्षप्रमुख आणि वर देंग श्यावफिंग यांनी ते चालू दिलं, मग तेच देशभर झालं. म्हणजे वर काढलं ते पक्षाच्या एकमुखी निर्णयाने नाही, पक्षाने हात काढून घेतल्यावर शेतकऱ्याने स्वतःला वर काढलं. विचार कर, हीच मुभा वीस वर्षं आधी मागता आली असती तर. १९६२ ला ल्यू शावची यांनी बैठकीत सांगितलं होतं की संकटातलं तीस टक्के निसर्गाचं आणि सत्तर टक्के माणसाने केलेलं. ते राष्ट्राध्यक्ष होते. १९६९ ला कैदेत, औषधपाण्यावाचून गेले.

वेगाने निर्णय घेणारी व्यवस्था चुकीचा निर्णयही वेगानेच घेते. एक मूल धोरण १९८० च्या आसपास आणलं ते २०१५ ला मागे घेतलं. तेवढ्या वर्षांत चुकतंय हे सांगणारे होते, ऐकायची सक्ती कुणावर नव्हती.

त्रिशूरकर

बँकेच्या नोकरीत केरळात बदली झाली आणि मुलांच्या शाळेमुळे तिथेच राहिलो, त्यामुळे केरळाचा विषय निघाल्यावर लिहितोय. लांब होईल.

१९५७ ला ई. एम. एस. नंबूद्रिपाद मुख्यमंत्री झाले, १२६ पैकी ६० जागा आणि काही अपक्ष. शपथ घेतल्यावर आठवड्याभरात कुळांना जमिनीवरून हुसकावणं बंद करणारा वटहुकूम. मग जमीन सुधारणा, शिक्षण विधेयक. खासगी शाळांतल्या मास्तरांचा पगार सरकार देणार आणि नेमणुकीतली मनमानी बंद होणार म्हटल्यावर चर्च, नायर संस्था, मुस्लिम लीग, काँग्रेस सगळे एकत्र आले, आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली, आणि ३१ जुलै १९५९ ला नेहरूंच्या सरकारने ते निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं. हे लोकशाहीवाल्यांनी केलं. विसरू नये. १९६० ला परत निवडणूक, कम्युनिस्टांची मतं वाढली पण जागा २९ वर आल्या, कारण बाकी सगळे एकत्र.

आता माझ्या मते पुढे जे झालं ते जास्त महत्त्वाचं. ते जंगलात गेले नाहीत. विरोधात बसले, परत आले, परत हरले. एकदा हे, एकदा ते, असं २०२१ पर्यंत जवळजवळ दर खेपेला चाललं. १ जानेवारी १९७० पासून कूळपद्धत पूर्ण संपली, म्हणजे ५७ ला सुरू केलेलं तेरा वर्षांनी अंमलात आलं. आणि सरकार बदललं तरी रेशन, शाळा, आरोग्य केंद्रं काढायची कुणाची हिंमत झाली नाही, कारण काढलं तर पुढच्या खेपेला घरी. १९९६ ला डाव्यांनी योजनेचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त पैसा थेट पंचायतींना द्यायला सुरुवात केली. आमच्या वॉर्डाच्या ग्रामसभेला मी गेलोय, बायका कागद घेऊन येतात, गेल्या वर्षी अमुक गटाराला इतके मंजूर होते ते कुठे गेले असं नाव घेऊन विचारतात. मी कोल्हापूर जिल्ह्यातला, आमच्याकडे ग्रामसभा म्हणजे सह्यांचं रजिस्टर घरी येतं.

सगळं श्रेय कम्युनिस्टांना देऊ नका मात्र. त्रावणकोरच्या संस्थानाने १८१७ सालीच शिक्षणाचा खर्च सरकारचा असं जाहीर केलं होतं, नारायण गुरूंची चळवळ, मिशनऱ्यांच्या शाळा, हे सगळं आधीचं. आणि दोषही आहेत. माल उतरवायला हात न लावता युनियनवाल्यांना पैसे द्यावे लागायचे, नुसतं उभं राहून बघण्याचे. अखेर डाव्या सरकारलाच २०१८ ला त्यावर बंदी आणावी लागली. कारखाने आले नाहीत, शिकलेली पोरं आखातात. कन्नूरमध्ये राजकीय खून होतात, त्यात डावेही आहेत.

पण पारिजात यांनी विचारलं दोन्ही एकत्र का नसावं, तर माझं उत्तर हे की केरळात कम्युनिस्ट चांगले राहिले त्याचं एक मोठं कारण त्यांना हरवता येत होतं. बंगालमध्ये तेच लोक, तीच विचारसरणी. १९७७ ला आले, बटाईदारांची नोंदणी केली, पंचायत निवडणुका घेतल्या, फार मोठी कामं. मग ३४ वर्षं कुणी हरवलंच नाही आणि पक्षाच्या स्थानिक कचेरीला विचारल्याशिवाय गावात पान हलेना. शेवटी मार्च २००७ ला नंदीग्राममध्ये जमीन द्यायची नाही म्हणणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार, १४ जण गेले. शेतकऱ्यांच्या नावाने आलेल्या सरकारने!

लाइपझिगहून_अनु

त्रिशूरकर काका, हे "हरवता येत होतं" वालं वाक्य मी बाईंना भाषांतर करून सांगणार आहे.

गिरणगावकर

त्रिशूरकरांच्या पोस्टला दाद. नंदीग्रामचं समर्थन मी करणार नाही, तेव्हाही केलं नव्हतं. पण २०११ ला हरल्यावर ते निमूट खुर्ची सोडून गेले हेही लिहायला हवं होतं.

आता कोरडवाहूंच्या दोन प्रश्नांकडे. वरच्याला घरी पाठवता येतं का? १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. सगळ्यांना मत होतं. पुढाऱ्यांना निवडूनही दिलं, संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत १९८४ ला खासदार झाले, काँग्रेसच्या लाटेतही. काय झालं? संप कधी मागे घेतला गेला नाही आणि गिरण्या मेल्या. मग जमिनी. १९९१ चा नियम होता की गिरणीची जमीन विकसित करायची तर तिसरा हिस्सा मोकळ्या जागेसाठी, तिसरा सरकारी घरांसाठी. २००१ ला तो नियम असा बदलला की फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जागेचीच वाटणी. एका दुरुस्तीने शेकडो एकर गेले. हायकोर्टाने अडवलं, २००६ ला सुप्रीम कोर्टाने मालकांच्या बाजूने सोडवलं. सगळं रीतसर. निवडून आलेलं सरकार, स्वतंत्र न्यायालय, मोकळे पेपर. आणि आमच्या चाळीसमोर टॉवर. घरी कुणाला पाठवायचं होतं आम्ही? प्रत्येक पक्षाने तेच केलं असतं.

वाईट बातमी वर जाते का? २०२० ला कोविडबद्दल सावध करणाऱ्या वुहानमधल्या डॉक्टर ली वनलियांग यांना पोलिसांनी बोलावून दटावलं, बरोबर, आणि ते गेले. पण २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे गंगेत प्रेतं वाहत होती तेव्हा आकडे खरे येत होते का? जागतिक आरोग्य संघटनेने दोन वर्षांचा भारताचा अंदाज ४७ लाख दिला आणि सरकारी आकडा पाच लाखांच्याही आत होता. सरकारने अंदाज अमान्य केला, विषय संपला. निवडणुका असूनही आकडे लपतात.

मी एकपक्षीय राजवट मागत नाहीये, स्पष्ट लिहितो म्हणजे गैरसमज नको. १९७५ च्या आणीबाणीला डांग्यांच्या पक्षाने (भाकपने) पाठिंबा दिला ती माझ्या दृष्टीने त्यांची सगळ्यात वाईट गोष्ट. पण मालकी मूठभरांची राहिली तर मत देऊन येणारा माणूस मालकाला विचारूनच चालतो. कम्युनिस्टांचं उत्तर चुकलं असेल, प्रश्न बरोबर होता.

कोरडवाहू

गिरण्यांचं वाचून काही बोलवत नाही. मान्य आहे की तिथे मताला किंमत राहिली नाही.

कोविडबद्दल मात्र एक फरक सांगतो. गंगेतल्या प्रेतांचे फोटो आपण बघितले ते कुणी काढले? इथल्याच वार्ताहरांनी. स्मशानातल्या पावत्या मोजून, पालिकेची मृत्यू नोंदणी काढून आकडा खोटा आहे हे इथल्याच पेपरांनी छापलं. सरकारने मानलं नाही, पण छापलं गेलं आणि छापणारे बहुतेक सगळे अजून घरी आहेत. बहुतेक म्हणतोय कारण काहींना त्रास झाला. ही जागा आक्रसत चाललीय ते मला दिसतंय आणि त्याची मला काळजी आहे, म्हणूनच तर मी ही कसोटी लावतोय. ती फक्त चीनला लावायची नाही, आपल्यालाही लावायची.

मालकीच्या प्रश्नावर मला बाबासाहेबांचं म्हणणं पटतं. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत ते म्हणाले होते की २६ जानेवारीपासून राजकारणात समता असेल आणि सामाजिक-आर्थिक आयुष्यात विषमता, हा विरोध लवकर मिटवला नाही तर विषमता सोसणारे लोक ही सगळी इमारत उडवून देतील. आणि तेच बाबासाहेब १९५६ मध्ये काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर बोलताना म्हणाले की ध्येय सारखं आहे पण हिंसा आणि हुकूमशाहीचा मार्ग मला मान्य नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने, गरिबी अंगावर घेतलेल्या माणसाने सांगितल्यात. गिरणगावकर, तुमच्या-माझ्यात अंतर असलंच तर ते क्रमाचं आहे. तुम्ही म्हणता आधी मालकी. मी म्हणतो आधी तोंड उघडं राहू दे, त्याशिवाय मालकीसाठी भांडता येणार नाही.

सह्यकडा

सगळ्यांचे आभार, उत्तर मिळालं. २०१८ चा नाशिक ते मुंबई किसान मोर्चा मी तेव्हा शाळकरी होतो तरी आठवतो, लाल टोप्या. माझी मोठी बहीण दहावीला होती. पेपर होते म्हणून ते लोक शेवटच्या रात्री न थांबता चालत आझाद मैदानात गेले, सकाळी रस्ते अडू नयेत म्हणून. तो मोर्चा कम्युनिस्टांचाच होता ना? मग तो लोकशाही म्हणायचा की कम्युनिझम?

गिरणगावकर

हो, माकपच्या किसान सभेचा. जवळपास १८० किलोमीटर, पायांची सालं निघालेली माणसं, बहुतेक सगळे सुरगाणा, पेठ, दिंडोरी, डहाणूकडचे आदिवासी. मागणी काय होती तर २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे कसत असलेल्या जमिनीचे पट्टे नावावर करा. म्हणजे संसदेने केलेला कायदा होता, तो पाळा एवढंच म्हणायला चालत आले. सरकारने लेखी मान्य केलं. त्यातलं बरंच राहिलं म्हणून मार्च २०२३ ला तेच लोक परत दिंडोरीहून निघाले, वाशिंदपर्यंत आले, परत लेखी आश्वासन मिळालं.

डहाणूत २०१९ आणि २०२४ दोन्ही वेळा माकपचा आमदार निवडून आला. त्यांना हरवता येतं, आणि लोकांनी हरवलेलं नाही. कोरडवाहू, तुमच्या कसोटीला हे उतरतं. पण पट्टे अजून सगळ्यांना मिळालेले नाहीत, ते कुठल्या कसोटीत बसवायचं तेवढं सांगा.

कोरडवाहू

बसवता येत नाही. परत निघाले तर कळवा, मी येतो चालायला.